माझी पत्नी हयात आहे

“एकटी की जोडीनं?” मी विचारलं.

“म्हणजे काय गं?” आत्या म्हणाली.

“म्हणजे टॅक्सचा रिटर्न तू एकटी भरतेस, की नवरा-बायको मिळून?”

आता तुम्हीच सांगा, मला काय अडलं होतं हे विचारायला? पण नोकरी नवी होती ना. इलेक्ट्रिक गाड्यांच्या शोरूममध्ये माझं कामच ते. गिऱ्हाईक आलं की त्याची माहिती कॉम्प्युटरमध्ये टाकायची आणि ते करसवलतीत बसतं का बघायचं. बसलं तर गाडीच्या किमतीतला चांगला चौथा हिस्सा सरकार त्याच्या करातून सोडून देतं. नाही बसलं तर ते गाडीभोवती एक चक्कर मारतं, दार उघडतं, दार लावतं आणि जातं.

आणि आत्याला गाडी हवीच होती. हौसेला नाही हं. आत्या घरोघरी जाऊन जखमांच्या पट्ट्या बदलते. सकाळी हॉस्पिटल, दुपारनंतर घरं, एकोणीस वर्षं हेच. कुणाचा साखरेनं चिघळलेला पाय, कुणाची अंथरुणाला लागून सोललेली पाठ. तिची जुनी गाडी मध्यंतरी बसली ती बसलीच, आणि ती दोन-दोन बस बदलून हिंडायला लागली. टेकडीपलीकडची पाच घरं तिला वेळेत होईनात. शेवटी तिला ही घरं देणाऱ्या नर्सिंग कंपनीनं सांगितलं, महिनाअखेरपर्यंत गाडी आली नाही तर ती पाच घरं दुसऱ्या नर्सला.

“त्यातल्या एका आजींची जखम मी सात महिन्यांत बोटाएवढी आणलीय,” ती म्हणाली. “आता दुसरीच्या हातात द्यायची?”

मी तिच्या एकटीच्या कमाईचा आकडा टाकला. स्क्रीन लाल. दोन नोकऱ्या करते म्हणून एकट्या माणसाच्या मर्यादेच्या वर जात होती, आणि किती, तर हसू यावं इतकीच. मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नव्या नियमानं जोडीनं भरलं तर मर्यादा दुप्पट! आणि आतोबांचं काय, किल्ल्या करून द्यायचं खोपटाएवढं दुकान. दोघांचं मिळून आरामात बसत होतं.

“अगं आत्या, कागदावर तुझं लग्न आहेच की अजून!”

आत्या स्क्रीनकडे बघत बसली.

त्यांचं काही भांडण नव्हतं हो. तेच तर कुणाला पटत नाही. नऊ वर्षांपूर्वी आमचे आजोबा अंथरुणाला खिळले, आत्या त्यांचं करायला आमच्याकडे आली. आजोबा गेल्यावर आतोबांचा फोन आला, कधी येतेस? पुढच्या महिन्यात, ही म्हणाली. मग तिला इथली ही घरं मिळाली. मग आणखी एक पुढचा महिना. मग फोन सणासुदीला, मग तेही नाही. कुणी दार आपटलं नाही, कुणी कागद केले नाहीत. नुसतं राहून गेलं.

मीच मागे लागले. “फक्त सही तर आणायची आहे. माणूस काय खाणार आहे का तुला?”

“तो कधी कुणाला खाईल?” आत्या म्हणाली. “तेच अवघड आहे.”

शनिवारी दुपारी गेलो. अरुंद गल्ली, दोन हात पसरले की भिंतींना लागतील असं दुकान, आत खिळ्यांवर रांगेनं टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. आतोबा नव्हते. कुणाचं तरी कुलूप उघडायला गेले होते. शेजारच्या दुकानातून एक टेलरकाका मशीन थांबवून बाहेर आले.

“बसा ताई, येतीलच. कुलूप कितीही हट्टी असू दे, त्यांना दहा मिनिटं लागतात. माणूस सोनं आहे हो.” आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, “नशीब तेवढं खोटं. बायको वारली त्यांची. नऊ वर्षं झाली.”

देवाशपथ सांगते, माझं तोंड उघडंच राहिलं. आत्यानं माझा हात असा दाबला की तिची अंगठी रुतली.

“आजारी होती?” आत्यानं विचारलं. हो, तिनंच.

“कुणास ठाऊक. बोलतच नाहीत. आम्हीपण खोदून विचारलं नाही. पहिल्या वर्षी तर आम्ही त्यांना रात्री एकटं झोपू दिलं नाही, माझे वडील इथे दुकानात सोबतीला यायचे. तेव्हापासून रात्रीचं जेवण आमच्याकडेच. आमची ही म्हणते, एका माणसाचं ताट जड होतं का कुणाला?”

तेवढ्यात आतोबा आले. खांद्यावर हत्यारांची पिशवी, केस सगळे पांढरे. आत्याला बघितलं आणि तिथेच उभे राहिले. टेलरकाका म्हणाले, “गिऱ्हाईक आलंय, केव्हाचं बसलंय,” आणि आपल्या मशीनवर गेले.

आम्ही आत गेलो. आतोबांनी आधी किल्ली कापायचं मशीन सुरू केलं. काही कापायला नाही, आवाज व्हावा म्हणून. त्या खरखरीत ते बोलायला लागले, तेही आत्याकडे न बघता.

“त्या टेलरनं सांगितलं असेलच तुला. मी म्हटलं नव्हतं गं तसं. तू गेलीस त्याच वर्षी मी या गल्लीत आलो, तेव्हा त्यानं विचारलं, वहिनी कधी दिसल्या नाहीत? मला सांगता येईना. मी नुसती मान खाली घातली. त्याला काय वाटायचं ते वाटलं. मग टॅक्सचे फॉर्म भरणारा आला. सगळ्या गल्लीचे फॉर्म तो टेलरच्या दुकानातच भरतो, मोठ्यानं विचारून. माझी पाळी आली. विवाहित? मी काही बोलायच्या आत टेलरच म्हणाला, विधुर लिहा. एकानं माझ्या पाठीवर हात ठेवला.” ते थांबले. “त्यानंतर दरवर्षी तो मागच्या वर्षीचंच उतरवतो.”

“आणि मी मेल्यासारखी वागले, तेही खरंच आहे,” आत्या म्हणाली.

“तसं नाही.”

“तसंच आहे. बरं, जेवता ना वेळेवर?”

“जेवतो.”

आणि मी काय केलं असेल? मी नियम सांगितला! गप्प बसवेना ना मला. म्हटलं, दुरुस्ती होते, आतोबा. एक प्रतिज्ञापत्र द्यायचं, माझी पत्नी हयात आहे म्हणून, आणि त्यावर तुम्हाला ओळखणाऱ्या दोन शेजाऱ्यांच्या सह्या. मग तुमचा आणि आत्याचा रिटर्न एकत्र, मग सवलत, मग गाडी. एका दमात बोलले. बोलता बोलता ‘शेजारी’ शब्दावर माझी जीभ अडखळली, पण तोवर बोलून झालं होतं.

आतोबांनी सगळं ऐकून घेतलं. गाडी कशाला हवी ते विचारलं. आत्यानं टेकडीपलीकडच्या आजींचं सांगितलं. मग त्यांनी माझ्याकडून कागद मागून घेतला, काउंटरवरचा पितळेचा कीस हातानं झटकला आणि सावकाश, शाळेतल्यासारख्या अक्षरात लिहिलं, ‘माझी पत्नी हयात आहे.’ खाली सही केली.

“अहो, जरा विचार करा,” आत्या म्हणाली.

“नऊ वर्षं केलाय,” ते म्हणाले. “तुझं काम आहे ना? मग झालं तर. बोलावतो त्याला.”

आणि त्यांनी मशीन बंद केलं.

एकदम एवढी शांतता झाली की पलीकडून टेलरकाकांनी हाक मारली, “काय हो, लागतंय का काही?” आणि आतोबांनी उत्तर द्यायच्या आत ते दारात हजर, हातात एक स्टूल. “ताई उभ्याच का? घ्या, बसा.” मग त्यांनी आमच्याकडे नीट बघितलं. आतोबांचे डोळे लाल, आत्याचेही. “माफ करा हं, तुम्ही यांच्या कोण?”

आतोबांच्या हातात कागद होता. त्यांनी तो पुढे केला. खरंच केला, मी बघितलं.

आत्यानं तो मधेच घेतला.

“ह्यांच्या बायकोची बहीण,” ती म्हणाली.

“अरे देवा!” टेलरकाकांनी हात जोडले. “आणि मी तुम्हाला गिऱ्हाईक म्हणून काय काय बोलून बसलो. सख्ख्या बहिणीचं दुःख, ताई, काय बोलायचं.” ते खरोखर हळवे झाले होते हो. “एक विचारू? हे कधी सांगत नाहीत. कशा होत्या त्या?”

आत्या स्टुलावर बसली. कागदाची घडी घातली, पुन्हा अर्धी केली.

“कामात असायची,” ती म्हणाली. “येते येते म्हणायची आणि यायची नाही. लोकांच्या जखमा बांधत हिंडायची.”

“पण स्वभावानं?”

“ते ह्यांना विचारा.”

टेलरकाका आतोबांकडे बघायला लागले. मीही. आतोबांनी एक कोरी किल्ली उचलली, उजेडात धरली, परत खिळ्याला लावली.

“चांगली होती,” ते म्हणाले. “फार चांगली होती.”

त्यानंतर आम्ही फार थांबलो नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत आतोबा सोबत आले. टेलरकाका दारातून बघत होते, म्हणून ते दोघं परक्यासारखे दोन हात अंतर ठेवून चालले.

बसमध्ये मी रडायलाच लागले. म्हटलं, आत्या, दुसरा काहीतरी मार्ग काढू, मी साहेबांना विचारते. तिनं नुसता हात हलवला. पिशवीतून फोन काढला आणि नंबर लावला. टेकडीपलीकडच्या आजींची सून होती.

“हो, मीच बोलतेय. एक तारखेपासून दुसरी नर्स येईल तुमच्याकडे. नाही गं, माझं जमणार नाही आता. ऐक, तिला एवढं नक्की सांग. पट्टी काढताना आधी कोमट पाण्यानं भिजवायची. पूर्ण भिजू द्यायची. वाळलेली ओढायची नाही, खालची नवी कातडी सोबत निघून येते. हो. मी सांगेनच तिला, पण तूही लक्ष ठेव. आजी झोपल्यात का? नको, उठवू नकोस.”