थायलंडचे पाहुणे

मन्मथनं शिलाई मशीनला टेकवलेला मोबाइल पुन्हा सरळ केला आणि गळ्यातला टेप काढून ठेवला. पडद्यावर त्याच्या गावचा, देवणीतला मांडव हलत होता. त्याची थोरली भावजय मल्लम्मा, लेकीच्या लग्नाच्या धांदलीतही, एका हातात फोन धरून गर्दीतून वाट काढत होती. पुतणी पूनमच्या अक्षता नुकत्याच पडल्या होत्या.

"दिसायलंय का, भाऊजी?"

"हाव वैनी. लई झाक."

झाक कसलं, निम्मा वेळ वैनीचा अंगठाच दिसत होता! पण मन्मथ जागचा हलला नाही. दुकानाबाहेर जेसीबी घरघरत होता. थायलंडातल्या या समुद्रकाठच्या गावात तो चोवीस वर्षांपूर्वी एका हैदराबादी शेठकडं सूट शिवायला आला, तेव्हा कोळ्यांच्या होड्या पार दारापर्यंत ओढलेल्या असायच्या. आता होड्या गेल्या, कोळी गेले, शेठही गेला; दुकान तेवढं मन्मथकडं राहिलं. समोर तीस मजली इमारत उभी राहिली, तिच्याखाली रशियन पाट्या. तिथं येणारे लोक दिवसभर चड्डीवर फिरायचे. त्यांना सूट कशाला लागतोय? गल्लीतली उरलेली चार दुकानं महिनाअखेरीस पाडायची होती. मालकीण नोई त्याला मागच्या रस्त्याला नवा गाळा देत होती, पण उत्तर तिला आजच हवं होतं.

त्याचं ठरलं होतं. गाळा नको, आता कायमचं घरी जायचं. फक्त नोईला सांगण्याआधी अण्णाला, थोरल्या भावाला, सांगायचं होतं, आणि त्यासाठी आजच्यासारखा दिवस कुठला? चार दिवसांपासून तो एकच वाक्य घोळवत होता. अण्णा, मी येऊन राहतो आता. एवढंसंच वाक्य.

माइकवर शेषेराव गुरुजींनी आहेराची नावं पुकारायला सुरुवात केली. उदगीरचे पाहुणे, निलंग्याचे पाहुणे. एकेक जण पुढं येई. अण्णा कपाळाला कुंकू लावी, डोक्यावर टोपी घाली, खांद्यावर टॉवेल टाकी. मन्मथला हसू आलं. बहिणीच्या लग्नात याच अंगणात टोप्यांचा गठ्ठा छातीशी धरून तो दुपारभर उभा होता. घरच्या माणसाचं कामच ते. घरच्याच्या डोक्यावर टोपी कोण घालतंय?

"थायलंडचे पाहुणे, मन्मथअप्पा!" गुरुजींनी पुकारलं.

मांडवात हशा पिकला, टाळ्या वाजल्या. वैनीनं फोन उंच धरला. अण्णाचा घामेजलेला, आनंदानं फुललेला चेहरा जवळ आला. त्यानं फोनलाच कुंकू लावलं. मग वरून टोपी आली आणि पडद्यावर सगळा अंधार झाला.

"अण्णा," मन्मथ त्या अंधाराला म्हणाला, "घरच्या माणसाला आहेर करतेत का?"

"तू कशाचा घरचा आता! लई लांबचा पाहुणा तू." अण्णा खळखळून हसला. त्याच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. "तुझी टोपी कालच बाजूला काढून ठिवली होती. बोल, कव्हा येतूस? या बारीला चार दिस तरी राह्य."

रागवावं तरी कुणावर? इतक्या मायेनं त्याला आजवर कुणी परकं केलं नव्हतं.

"येतो की," तो म्हणाला. "सवड मिळाली की येतो."

फोन बंद झाला तेव्हा नोई दारात उभी होती. टाळ्या तिलाही ऐकू गेल्या होत्या.

"काय म्हणाले घरचे?" तिनं तिच्या भाषेत विचारलं.

"लई मान दिला," मन्मथ देवणीच्या बोलीत म्हणाला. त्यातलं तिला काहीच कळलं नाही.

मग तो तिला समजेल अशा भाषेत म्हणाला, "तो गाळा मला दे."