ओळंब्याची ओढ

मी एक जुना ओळंबा आहे, मित्रांनो. पितळेचा टोकदार गोळा आणि माथ्यात ओवलेली दोरी, एवढाच माझा संसार. भट्टीतून निघालो तो एका गवंडीदादांच्या हाती आलो. ते मला भिंतीशी सोडत, माझं डुलणं थांबेपर्यंत श्वास धरत आणि म्हणत, "ओळंब्यात आहे!" म्हणजे भिंत अगदी सरळ उभी. त्या शब्दावर माणसं निर्धास्त झोपत.

दादांची लेक भौतिकशास्त्र शिकली. एका दुपारी बांधकामावर डबा घेऊन आली आणि सहज बोलून गेली, "बाबा, गुरुत्वाकर्षण हे मूलभूत बळच नाही, असं काही शास्त्रज्ञ मानतात. जड वस्तूभोवती अवकाशच वाकतं म्हणे."

दादांची थापी थांबली. "वाकतं? म्हणजे चाळीस वर्षं मी वाकड्यालाच सरळ म्हणत आलो?"

"तसं नाही हो..."

"राहू दे. बापाला वेड्यात काढायला शिकवलं होय तुला?"

छातीभर भिंत तशीच सोडून दादा घरी गेले. लेकीशी अबोला. मी गोणपाटात. माझ्यावर काळपट साय चढली, आणि दोरी सादळली ती कुणी पाहिलीच नाही.

पाचव्या दिवशी लेकीने हट्टाने त्यांना परांचीवर चढवलं. दादांनी मला सोडलं आणि दोरी तुटली!

काय सांगू, मित्रांनो! मला कुणी ओढतच नव्हतं. जन्मभराचा भार पिसासारखा गळाला. देवाच्या ओंजळीत तरंगावं तसा मी तरंगलो. मग धप्पकन वाळूत.

दोघं धावली. लेक मला पुसत म्हणाली, "पडताना याला वजन जाणवलंच नसेल, बाबा. म्हणून काही म्हणतात, ओढ नाहीच. काही म्हणतात, आहे, पण ती ओढ वाहून नेणारा कण अजून सापडायचाय."

"मग खरं कुणाचं?"

"अजून ठरलेलं नाही."

दादांचा आवाज बारीक झाला. "आणि माझ्या भिंती?"

"त्या ओळंब्यातच आहेत. बळ म्हणा, नाहीतर वाक म्हणा, हा लोंबतो त्याच सरळ रेषेत."

"एवढं आधी सांगायचंस की!"

"तुम्ही ऐकलंत कुठे?"

दादा खदखदून हसले आणि त्यांनी नवी दोरी ओवली.

मित्रांनो, आमच्यासारख्या अवजारांची दोरी वेळेवर तपासत जा. आणि कोडं सुटेना म्हणून आपल्या माणसाशी अबोला धरू नका. जाणते शोधताहेत, शोधू द्या. त्या दिवशी मावळतीपर्यंत भिंत डोक्याच्या वर गेली. विटा लेक देत होती.