समई विझू नये म्हणून

खंडेनवमीला आमच्या कॉलेजात सर्व्हरची पूजा होते. इंजिनिअरिंग कॉलेज आहे, हसू नका. रॅकला झेंडूचा हार, समोर नारळ, बाजूला समई. एसीच्या वाऱ्यानं समई विझते, म्हणून रजिस्ट्रार विश्वनाथराव एसी बंद करतात. दरवर्षी मी दारात उभी राहते आणि आरती संपली की एसी चालू करते. यंदा ऐनवेळी मला हॉस्टेलचं वायफाय बघायला पिटाळलं. परत आले तर खोलीची भट्टी झालेली, सर्व्हर तापून आपोआप बंद पडलेले, परीक्षा विभागाचे फोनवर फोन. समई मात्र मजेत जळत होती.

संध्याकाळपर्यंत सगळं पुन्हा सुरू केलं. मग विश्वनाथरावांनी केबिनमध्ये बोलावलं.

"दीक्षा, दसरा झाला की तुझी मुलाखत. कमिटी विचारेल. लाइट गेली होती म्हणून सांग."

"लाइट गेली नव्हती सर."

"माहीत आहे गं. पण पक्क्या जागेला बी.ई. मागितलंय आणि तू बी.ए. राज्यशास्त्र. तू माझं सांभाळ, मी तुझ्या बी.ए.चं सांभाळतो."

कंत्राटावर इथले सर्व्हर सांभाळून नऊ वर्षं झालीत. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग सांगून टाक ना वं. कोणाचं काय जाते?"

"माहं जाते."

मुलाखतीत अध्यक्षांनी विचारलं, "बी.ए. करून सर्व्हरकडे कशा वळलात?"

वळले! वळायला रस्ता तरी असावा लागतो. आर्ट्सचं कॉलेज सकाळचं होतं, दुपारी काम करता यायचं, म्हणून राज्यशास्त्र. आमच्या इंदोरा वस्तीतल्या सायबर कॅफेच्या मालकाला इंजिनिअर परवडत नव्हता, म्हणून कॉम्प्युटर फॉरमॅट करायला मी शिकले. मग केबल ओढल्या, एका दवाखान्याचं नेटवर्क सांभाळलं, सीताबर्डीच्या क्लासमध्ये लिनक्स शिकले. हे सगळं सांगितलं. एकजण मोबाइल बघत होता.

"आणि नवमीला सर्व्हर का बंद पडला?"

विश्वनाथराव टेबलाच्या काचेकडे बघत होते.

"एसी बंद केला होता सर. समई विझू नये म्हणून."

"कोणी?"

"रजिस्ट्रार सरांनी. दरवर्षी करतात."

कोणीतरी खोकलं. अध्यक्ष म्हणाले, "मग तुम्ही कुठे होतात?"

"हॉस्टेलला पाठवलं होतं."

"म्हणजे सर्व्हर सोडून गेला होतात."

त्यांचं ठरलेलं होतं.

जागा गौरांगला मिळाली. बी.ई. मेकॅनिकल. जाहिरातीत नुसतं बी.ई. होतं, कशातलं याचं कोणाला पडलेलं नव्हतं. मी कंत्राटावरच, आता त्याच्या हाताखाली.

पोरगा काटोलचा. पहिल्या दिवशी रॅकसमोर उभा राहून म्हणाला, "ताई, खरं सांगू का? मले तं बॉयलर शिकवले. तिकडं नोकऱ्याच नाही, म्हणून इकडं आलो."

त्याचा राग यायला हवा होता. नुसता थकवा आला.

"मले लोकसभा शिकवली," मी म्हटलं. "बस गा. आधी हे घे."

एसीचा रिमोट त्याच्या हातात दिला. "पुढच्या नवमीले दारात तू उभा राहाजो."

"आन् सर म्हणाले बंद कर, तं?"

"तुही नोकरी पक्की हाय ना? मंग तू नाही म्हणजो."

तो रिमोट उलटासुलटा करून पाहत राहिला.