दादा डबे का मागवतो

दादाने पहिल्यांदा डब्यांचं खोकं मागवलं, त्याच दिवशी मला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. चोवीस डबे. गोल, टिनचे, झाकणावर सोनेरी अक्षरं. खोकं काउंटरवर ठेवून तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ठेवून बघू. हल्ली लोक मागतात."

कोण लोक? तीस वर्षं मी त्या काउंटरमागे उभी आहे. आमच्याकडे येणारी माणसं पाइप ओढणारी, म्हणजे मुळातच हट्टी. त्यांना सुटी तंबाखू लागते, डोळ्यांसमोर तोललेली, कागदात बांधलेली. त्यातल्या एकानेही माझ्याकडे कधी डबा मागितला नव्हता.

आमचं दुकानच सुट्या तंबाखूचं. बाबांनी भिंतीला लावलेल्या बारा काचेच्या बरण्या अजून तशाच आहेत, रुंद तोंडाच्या, झाकणाला रबराचं कडं असलेल्या. माल पाच-पाच किलोच्या जाड पिशव्यांतून येतो. पिशवी फोडली की तंबाखू बरणीत गळ्यापर्यंत दाबून भरायची, मध्ये हवा राहू द्यायची नाही. कोरडी पडायला लागली तर भाजक्या मातीची चकती भिजवून, पुसून वर ठेवायची. ओली आली असेल तर आधी कागदावर पसरून दिवसभर वारा द्यायचा. ओली की कोरडी हे चिमूट दाबून कुणालाही सांगता येतं. पण काही जाती मुळातच ओलसर असतात, आणि ही ओल चांगली की कुबट व्हायच्या मार्गावरची, ते फक्त वासावरून कळतं. ते काम दादाच्या नाकाचं.

डब्याला असलं काही लागत नाही. कंपनीने हवाबंद केलेला असतो, फोडेपर्यंत दहा वर्षं पडून राहिला तरी चालतो, आपण आठवड्यातून एकदा फडक्याने पुसायचा. तेवढ्याच तंबाखूला जवळजवळ दुप्पट किंमत पडते ती वेगळीच. "डबा विकायला दुकानदार कशाला हवा? फळी पुरे." हे दादाचंच वाक्य. शंभर गिऱ्हाइकांना त्याने ते ऐकवलंय. आणि आता तोच खाली वाकून फळीवर डबे रचत होता.

मी संशयी आहे हे मला मान्य आहे. दादा मला लहानपणी शंकेखोर म्हणायचा, पुढे त्याचं नुसतं 'शंके' झालं आणि तेच चिकटलं. पण माझा संशय उगाच नसतो. दुकान बाबांनी आम्हा दोघांच्या नावावर ठेवलं. दादाने लग्न केलं, मी दुकान केलं. त्याला घरी बायको आहे, दोन मुली आहेत, त्यांची मुलं आहेत. मला त्या बारा बरण्या आहेत. त्या हातातून गेल्या तर सकाळी उठून कुठे जायचं हे मला कळणार नाही, आणि या वयात ते शिकायची माझी तयारी नाही.

डब्यांमागोमाग टिनवाला आला. म्हणजे कंपनीचा एजंट. नाव त्याने सांगितलं होतं, मी ते लक्षात ठेवलं नाही. राखाडी कोट, बूट इतके चकचकीत की पायाने कधी चालला नसावा. दर गुरुवारी यायचा आणि दुकानात न येता फुटपाथवर उभा राहायचा. दादा बाहेर जायचा. पंधरा-पंधरा मिनिटं दोघांचं गुळपीठ चालायचं. एका गुरुवारी मी झाडू घेऊन पायरी झाडायला गेले. पायरी स्वच्छ होती, तरी झाडली.

"...एकदा कंपनीचं दुकान झालं की काही बघावंच लागत नाही," टिनवाला म्हणत होता. "बहिणीला सांगितलंत?"

"अजून नाही. वेळ बघून सांगतो," दादा म्हणाला.

तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं आणि दोघंही हवापाण्याबद्दल बोलायला लागले. सख्खा भाऊ! आयुष्यभर नाकासमोर चाललेला माणूस, आणि साठीला आल्यावर हे धंदे.

त्यानंतर मी डोळ्यांत तेल घालून बसले, आणि मग काय, रोज नवीन काहीतरी सापडायला लागलं. एके दिवशी मागच्या खोलीत स्टोव्हवरचं दूध उतू जाऊन करपलं. मी पुढे काउंटरवर होते, मला ठसका लागला. धावत आत गेले तर दादा स्टोव्हपासून दोन हातांवर पेपर वाचत बसलेला. "दूध!" मी ओरडले तेव्हा उठला. इतकं डोकं कुठे गुंतलंय याचं, असं मला वाटलं आणि लगेच उत्तरही सापडलं.

रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेले तर वहिनीने मला भांड्यांपाशी गाठलं. "ताई, एक विचारू? हे हल्ली बाहेर जेवतात का हो? घरी अर्धं ताट टाकून उठतात. विचारलं तर म्हणतात, चवच लागत नाही. बत्तीस वर्षं लागली चव, आत्ताच काय झालं?" थंडीतल्या तापानंतर हे सुरू झालं, असंही ती म्हणाली, पण ते मी कानाआड केलं. माझ्या डोळ्यांसमोर टिनवाला आणि दादा कुठल्यातरी हॉटेलात समोरासमोर बसले होते आणि मध्ये कागद पसरले होते.

सगळ्यात विचित्र म्हणजे दादा मला तंबाखू हुंगायला द्यायला लागला. ज्याने जन्मात कुणाला विचारलं नाही, तो मूठ पुढे करून म्हणायचा, "शंके, कसं वाटतंय बघ बरं." मी लहान होते तेव्हा बरणीत नाक खुपसलं म्हणून याच माणसाने माझ्या डोक्यात टपली मारली होती. आता हा लाडीगोडीचा प्रकार कशाला? मला गोड बोलून गाफील ठेवायचं, दुसरं काय.

अशीच एकदा सात नंबरच्या बरणीची नवीन पिशवी आली. दादाने फोडली, चिमूट दाबली, आणि मूठभर माझ्यासमोर धरली. "हाताला ओलसर लागतेय. पण ही जातच तशी आहे. वास कसा येतोय? पसरू, का बंद करू?"

मी तेव्हा पावत्या लावत होते आणि बाहेर गुरुवार होता. "चांगली आहे. कर बंद," मी म्हटलं. त्याने बरणी भरली, झाकण लावलं.

तीन आठवड्यांनी, दादा घरी जेवायला गेला असताना, मी सातची बरणी उघडली आणि मागे सरले. ओल्या पायपुसण्याचा वास. हात घालून मधली तंबाखू वर काढली तर ती पांढरी, जाळं धरलेली. पाचच्या पाच किलो गेली होती. बाबा असताना, आणि नंतरही, आमच्याकडे एकही बरणी सडली नव्हती.

मी रडले नाही. मला राग आला, इतका की कानशिलं तापली. आता सगळं सरळ दिसत होतं. सुटा माल मुद्दाम सडवायचा, गिऱ्हाइकांना नाक मुरडायला लावायचं, ती डब्यांकडे वळली की कंपनीला दुकान द्यायचं. मी झाकण पुन्हा लावलं आणि गप्प बसले. नुसतं विचारलं असतं तर त्याने काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. मला त्याला रंगेहाथ पकडायचं होतं, तेही माणसांसमोर.

तिसऱ्या बरणीत धुरावर वाळवलेली काळी तंबाखू असते आणि पाचवीत व्हॅनिला लावलेली. दोन्ही काळ्या, दोन्ही एकसारख्या कापलेल्या. वास मात्र असा की बहिरासुद्धा ओळखेल, असं बाबा म्हणायचे, आणि त्यावर आम्ही हसायचो. शनिवारी दादा बँकेत गेला तशी मी दोन्ही बरण्यांची जागा बदलली आणि नंबरांच्या चिठ्ठ्याही. माझा हिशेब साधा होता. सुट्या मालाची अजून पर्वा असेल तर झाकण उघडताच तो ओरडेल. नसेल तर आहे तसं बांधून देईल, आणि मग मी बोलेन.

शनिवारी मास्तर येतात. निवृत्त आहेत. बायको घरात नसली की ओढतो म्हणतात, आणि त्यांची बायको कायम घरात असते, तरी दर शनिवारी पुडी नेतात. तीन नंबर, कायम.

दादाने तीनची चिठ्ठी लावलेली बरणी उतरवली, झाकण उघडलं. त्याने नेहमीसारखी चिमूट घेतली, नाकाशी नेली, डोळे मिटले. "वा! आज काय उतरलीय, मास्तर," म्हणाला आणि तोलायला लागला.

मास्तरांनी पुडी हातात घेतली, हुंगली आणि चष्म्यावरून बघितलं. "दादा, ही माझी नव्हे. हिला केकचा वास येतोय."

"तुम्हाला सर्दी झाली असेल," दादा हसत म्हणाला. मग त्याने पुन्हा चिमूट घेतली आणि हुंगली. आणखी एकदा हुंगली. मग पूर्ण तोंडच बरणीत घातलं. वर आला तेव्हा हसू गेलं होतं. त्याने चिठ्ठीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

बोलायचं सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. रात्रभर घोकलं होतं मी ते. पण दादा घाबरला होता. बाबा गेले त्या दिवशी तो असा दिसला होता, त्यानंतर आजच.

"माझी चूक, मास्तर," मी म्हटलं. "पुसताना बरण्या इकडच्या तिकडे झाल्या." मी दुसरी बरणी काढली, पुडी बांधून दिली. मास्तरांनी ती हुंगली, मान डोलावली आणि गेले.

मी दार लोटून घेतलं. "कधीपासून?" मी विचारलं.

"तापानंतर." तो डब्यांच्या खोक्यावर बसला. "धूर नाही, कॉफी नाही, साबण नाही. काहीच नाही. डॉक्टर म्हणतो येईल परत. नाही आलं तर नाही येणार, असंही म्हणतो."

"मला सांगायचं नाहीस?"

"काय सांगू? बाबांनी तुला हिशेबाच्या वह्या दिल्या, मला नाक दिलं. नाकच गेलं तर मी इथे कोण?" त्याने बुडाखालच्या खोक्यावर हात आपटला. "डब्यावर लिहिलेलं असतं, शंके. आत काय आहे ते वाचता येतं."

"आणि टिनवाला? कंपनीचं दुकान?"

"कंपनीचं दुकान झालं की नाक लागत नाही. तू एकटीने चालवलंस तरी चालेल. तुझ्या एकटीच्या नावावर करतात का, तेच विचारत होतो त्याला."

मला हे ऐकायचं नव्हतं. माझा राग इतका मोठा होता की तो ठेवायला मला जागा हवी होती, आणि एकच जागा उरली होती. "आणि सात नंबर?" मी म्हटलं. "ती का सडू दिलीस?"

"सातला काय झालं?"

तो उठला, सातची बरणी उतरवली, उघडली, हुंगली. सवयच ती. मग हात घालून वर काढलं आणि बोटांवरचं पांढरं जाळं उजेडात धरून बघत राहिला.

"पण ही तर तुला विचारून बंद केली होती," तो म्हणाला. आवाजात आरोपाचा लवलेश नव्हता. तो खरंच कोड्यात पडला होता. "पसरणारच होतो मी. तू चांगली म्हणालीस म्हणून नाही पसरली. नंतर बिघडली असेल का गं?"

हो म्हणता आलं असतं. त्याला कधीच कळलं नसतं, कळायचं साधनच त्याच्याकडे नव्हतं.

"मी हुंगलीच नव्हती, दादा."

"म्हणजे?"

"मान वर न करता चांगली म्हटलं. मला वाटलं, तू मला बनवतोयस."

मला वाटलं आता ओरडेल, आणि त्याने ओरडावं असं फार वाटत होतं. "शंके, शंके," एवढंच म्हणाला आणि बोटं रुमालाला पुसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार महिने तो माझ्या शब्दावर झाकणं लावत होता आणि मी त्याच्यावर पाळत ठेवायला पायऱ्या झाडत होते.

सातची बरणी आम्ही दोघांनी मिळून रिकामी केली, उकळत्या पाण्याने धुतली, उन्हात पालथी घातली. गुरुवारी टिनवाला आला तेव्हा मीच त्याला आत बोलावून खुर्ची दिली आणि म्हटलं, डबे राहू देत, दुकानाचं नंतर बघू. त्याच्या बुटांकडे मात्र मी तेव्हाही नीट बघून घेतलं. सवय एका दिवसात जात नाही.

पुढच्या सोमवारी सातची नवी पिशवी आली. दादाने फोडली, चिमूट दाबली, मूठ माझ्यापुढे धरली. "कसं वाटतंय?"

मी पावत्या बाजूला ठेवल्या. एकदा हुंगली, बाहेर जाऊन मोकळी हवा घेऊन आले, पुन्हा हुंगली. खाली मनुकांसारखं काहीतरी गोड, त्याच्यावर ओल्या लाकडाचा वास, आणि अगदी शेवटी काहीतरी होतं ज्याचं नाव मला सांगता येईना. माझी खात्री नव्हती. इतकी वर्षं मला कशाचीच खात्री नव्हती.

"एक दिवस पसरूया," मी म्हटलं.

दादाने कागद अंथरला आणि मूठ त्यावर सोडली. स्वतःच्या नाकाशी हात नेलासुद्धा नाही.