धरलेली जागा

छत्रीबागेतले अप्पासाहेब रोज सिनेमाला जातात, ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. बायको हयात असताना ज्या माणसानं तिला एक धार्मिक चित्रपटसुद्धा दाखवला नाही, तो साठी उलटल्यावर राजवाड्याजवळच्या टॉकीजमध्ये इंग्रजी सिनेमाला जाऊन बसतो, म्हटल्यावर लोकांनी बोलायचं नाही तर काय करायचं? आणि गंमत म्हणजे मुख्य सिनेमा सुरू व्हायच्या आत स्वारी उठून घरी परत.

याचं मूळ होता शेजारचा दिनानाथ. सिनेमाआधी दाखवतात त्या बातमीपटात त्यानं मोनाको नावाच्या समुद्रकाठच्या गावातली मोटारींची शर्यत पाहिली, आणि तडक अप्पासाहेबांच्या ओसरीवर येऊन बसला. "भिया, आपला श्रीपाद दिसला पडद्यावर. पब्लिकमध्ये बसलाय. कसम से."

श्रीपाद हा अप्पासाहेबांचा एकुलता एक मुलगा, विलायतेत इंजिनिअर. तिकडच्याच मुलीशी लग्न करतोय असं त्यानं कळवलं, तेव्हा अप्पासाहेबांनी उलट टपाली लिहिलं होतं, की खुशाल कर, पण मग या घरी येऊ नकोस. मुलगाही बापाच्याच वळणाचा. तो आला नाही आणि पत्रंही थांबली. त्याच साली श्रीपादची आई इंदुमतीबाई गेल्या. तेव्हापासून अप्पासाहेब दोन वेळचा स्वयंपाक स्वतः करत आणि एकटेच पानावर बसत.

मोनाकोची शर्यत ही या बापलेकांची जुनी गोष्ट. संस्थान मध्यभारत राज्यात विलीन व्हायच्या आधी अप्पासाहेब होळकर सरकारच्या मोटारखान्यात हेडक्लार्क होते. तिथली शिळी विलायती मासिकं ते घरी आणत. एका बाजूला समुद्र, वर टेकडीवर राजवाडा आणि खाली गावातल्याच वळणावळणाच्या रस्त्यांवरून सुटलेल्या मोटारी, ही चित्रं दोघं मिळून पाहत. एकदा श्रीपाद म्हणाला होता, "अप्पा, मी पुढं जाऊन जागा धरीन. तुम्ही सावकाश या."

ते काही उगीच नव्हतं. गणपतीतलं गाणं असो की व्याख्यान, पुढं पळत जाऊन सतरंजीवर बापाचा रुमाल पसरायचा आणि तो उडू नये म्हणून वर किल्ल्यांचा जुडगा ठेवायचा, हे श्रीपादचं काम. जुडग्याची युक्ती अप्पासाहेबांचीच.

पहिल्या दिवशी पडद्यावर मोटारी कानठळ्या बसवत गेल्या आणि कॅमेरा गर्दीकडे वळला. हॅटखालचा चेहरा काही धड ओळखू येईना. नाक श्रीपादचं वाटत होतं, हनुवटी कुणा भलत्याचीच. पण त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर रुमाल पसरला होता आणि रुमालावर किल्ल्यांचा जुडगा होता.

अप्पासाहेब खुर्चीत पुढं सरकले. इतकं तोडून बोललो, तरी पोरानं आपली जागा धरलीय. डोळे भरून आले. चष्मा पुसतच ते बाहेर पडले, शर्यत कुणी जिंकली याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. सातासमुद्रापलीकडे बसलेल्या बापासाठी कुणी खुर्ची धरत नाही, एवढं त्यांनाही कळत होतं. पण रिकाम्या घरात राहणाऱ्या माणसाला शहाणपण किती दिवस पुरणार?

मग रोजचाच परिपाठ झाला. तिकीट काढायचं, तेवढी झलक पाहायची आणि उठायचं. शेजारच्या खुर्चीवर आपलाही रुमाल टाकायचा, वर किल्ल्या ठेवायच्या. कुणी विचारलंच तर सांगायचं, "आनेवाले हैं." कोण येणार होतं ते त्यांनी मनाशीसुद्धा कधी नीट सांगितलं नाही. मनातल्या मनात मात्र पत्राची जुळवाजुळव चालली होती: चुकलो, सूनबाईंना घेऊन ये. रविवारी खेळ बदलायचा होता. शनिवारी शेवटचं एकदा पाहून पत्र लिहायला बसायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

शनिवारी गर्दी होती. अप्पासाहेब रांगेच्या अगदी मधोमध सापडले. झलक येऊन गेली, चष्मा पुसून झाला, पण दोन्हीकडे गुडघेच गुडघे, उठणार कसं? बसून राहिले. जिंकणाऱ्याच्या गळ्यात हार पडला, आणि तोच प्रेक्षकांचा भाग पुन्हा दिसला. हसतमुख, दिवस भरत आलेली एक बाई रांगेतून वाट काढत आली. हॅटवाल्यानं किल्ल्या उचलून खिशात टाकल्या. तिनं रुमाल झटकून उन्हासाठी डोक्याला बांधला आणि ती त्या खुर्चीवर बसली. हॅटवाला तिच्याकडे पाहून हसला. आता हनुवटीही ओळखीची होती.

अप्पासाहेब पडद्याकडे बघत राहिले. जागा धरतात ती येणाऱ्यासाठी. आपण तर येऊ नकोस म्हणणारे. नातवंड होणार आहे हे बापाला बातमीपटातून कळावं, यात पोराची काय चूक? त्यांना इंदुमतीबाईंची फार आठवण झाली. हे सांगायला घरी कुणी नव्हतं.

बातमीपट संपला आणि दिवे लागले. उशिरा आलेला एक गृहस्थ रांगेच्या टोकाशी अवघडून उभा होता, त्याच्यामागं पदर सावरत त्याची बायको. त्यानं वाकून विचारलं, "दादा, ये सीट किसी की है? घरवाली को बिठाना था."

अप्पासाहेबांनी किल्ल्या उचलल्या आणि रुमालाची घडी केली. "बिठाओ भिया," ते म्हणाले, "कोई नहीं आनेवाला." मग स्वतःही उठले आणि म्हणाले, "तुम भी यहीं बैठो, मुझे घर जाके चिट्ठी लिखनी है."