चिलब्लेनवरचं व्याख्यान

लोकांचे पाय बघणं हा माझा तीस वर्षांचा धंदा. कुरुपं कापायची, आत रुतलेली नखं सोडवायची आणि हिवाळा आला की चिलब्लेन, म्हणजे थंडीनं बोटांना येणारी खाजरी सूज, झालेल्यांना झापायचं. झापण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. म्हणून म्हाताऱ्या माणसांचं जेवण चालवणाऱ्या मिसेस ओल्ड्रॉइडनी जेव्हा विचारलं, ‘बुधवारी चॅपलच्या हॉलमध्ये आमचं सूप पिऊन झालं की थंडीतल्या पायांवर चार शब्द बोलशील का?’ तेव्हा मी दुसऱ्या क्षणी हो म्हटलं. त्या जेवणाला माझी आई दर आठवड्याला जाते. तिच्या मैत्रिणींसमोर लेक भाव खाऊन जाईल, हाही हिशोब मनात होता. खोटं कशाला सांगू?

आई पहिल्याच रांगेत बसली होती. अंगात चांगला निळा कोट, पायात लोकरीच्या अस्तराचे चेनवाले बूट. मी आत आले तशी ती शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणाली, “आली बघ आमची बेव्ह.”

मी सुरू झाले. “बाहेरून गारठून आलात की पाय थेट हीटरपुढे धरायचे नाहीत. गरम पाण्याच्या पिशवीवर तर मुळीच नाही. थंडीनं आखडलेल्या बारीक रक्तवाहिन्या एकदम उघडतात, ते त्यांना झेपत नाही. मग बोटं लाल-जांभळी होऊन सुजतात, जळजळतात, आणि खाज अशी सुटते की माणूस रडकुंडीला येतो.”

मागच्या रांगेतून आर्थरकाका म्हणाले, “आमची आजी पाय पलंगाखालच्या लघवीच्या भांड्यात बुडवायला लावायची. रात्रभराचं साचलेलं.”

“मग बरं वाटायचं?”

“ते आठवत नाही. शाळेत शेजारी कोणी बसायचं नाही, एवढं आठवतं.”

हॉल हसला. मला आणखी चेव आला. पाय हळूहळू उबदार होऊ द्या, ओले मोजे लगेच बदला, बूट सैल घाला, खाजवू नका, कातडी फुटली तर डॉक्टरला दाखवा. “आणि मुख्य म्हणजे घर गरम ठेवा. एकटे पाय गारठत नाहीत, आख्खं अंग गारठतं तेव्हा पायांवर येतं.” लोक माना डोलवत होते. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं.

“आता नीट राखलेले पाय कसे असतात ते दाखवते,” मी म्हटलं. “आई, बूट काढ.”

“असू दे गं.”

“काढ की.”

“बेव्ह, सगळ्यांचा चहा निवतोय.”

“डोरीन, मोज्याला भोक पडलंय वाटतं,” कोणीतरी आईला म्हणालं, आणि पुन्हा हशा झाला. मी तिच्यापुढे गुडघे टेकले आणि बुटाची चेन ओढली. तिनं माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं होतं. मी मान वळवून लोकांना म्हटलं, “बघा, घरात आपल्याला काडीची किंमत नसते.” आणि बूट काढला. मोजा बोटाला चिकटला होता. तोही ओढला. आईनं दातांवर दात आवळले.

तिची बोटं वांग्यासारखी जांभळी, तुकतुकीत झाली होती. करंगळी फुटली होती आणि तिच्यावर लहान मुलांना लावतात तसली अस्वलांची पट्टी होती.

मिसेस ओल्ड्रॉइड सुपाचे रिकामे बाउल गोळा करायला लागल्या. मी मोजा पुन्हा चढवायला हवा होता, एवढी अक्कल कोणालाही सुचली असती. मी मात्र सगळ्यांसमोर विचारलं, “कधीपासून आहे हे?”

“नोव्हेंबरपासून.”

“मी दर रविवारी येते ना तुझ्याकडे?”

“येतेस की,” आई म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. तिनं वाकून आपला मोजा आपणच घातला.

मला लाज वाटली. पण पहिली लाज वाटली ती माझ्या व्याख्यानाची शोभा झाली याची. तिला दुखत असेल हे त्यानंतर सुचलं. उन्हाळ्यापर्यंत तिची नखं मीच कापत होते. मग एकदा ती म्हणाली, ‘राहू दे, करते मी माझं,’ आणि रविवारचं एक काम कमी झालं म्हणून मला बरंच वाटलं होतं. तेही आठवलं.

डॉक्टरांची दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ घेतली आणि तिला गाडीतून घरी सोडलं. दार उघडलं तर आत बाहेरच्याइतकीच थंडी. रविवारी मी तीनला पोचते, तेव्हा याच घरात मला स्वेटर काढून ठेवावा लागतो. भिंतीवरच्या रेडिएटरला हात लावला. गार. स्वयंपाकघरात खुर्चीवर ब्लँकेट, हातमोजे आणि गरम पाण्याची पिशवी पडली होती.

“हीटिंग बिघडलंय का?”

“बिघडायला काय झालंय? आज तू घरी येणार हे ठाऊक असतं तर लावून गेले असते.”

“आणि एरवी?”

“एरवी मी एकटीच असते. एका माणसासाठी का घर तापवायचं?” ती कोट न काढताच बसली. “पैशांचं नाही गं. तुझ्या बाबांची पेन्शन येते, पुरून उरते. पण सवय नाही. आमच्या आईकडे पुढच्या खोलीत कोळसे पेटायचे ते कोणी यायचं असेल तरच.”

पिशवी उचलून ओट्यावर ठेवली, तिचे पाय ब्लँकेटमध्ये गुंडाळले. या वेळी तिनं हात धरला नाही. मग पॅसेजमध्ये जाऊन हीटिंगचं बटण दाबलं. बॉयलर घुरघुरला, पाइप कुरकुरले.

आतून आईनं विचारलं, “कोण येणारे गं?”