गल्लीतलं बारावं घर

गल्लीतल्या अकरा घरांनी वीज कंपनीची डबी बसवून घेतली होती. राहिलं होतं एकच घर, आणि ते नेमकं डबी बसवणाऱ्या बाईच्या सासू-सासऱ्यांचं होतं.

काम तसं सरळ होतं. घरोघरी हीट पंप आले होते. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून खोल्या गरम ठेवणारी यंत्रं. थंडीत संध्याकाळी सहाला माणसं घरी परतली की सगळे पंप एकदम जोर लावायचे आणि कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरचा जीव मेटाकुटीला यायचा. गेल्या हिवाळ्यात त्यानं दोनदा मान टाकली होती. म्हणून कंपनीनं ही सोय काढली: भार वाढला की डबीला मोबाइल नेटवर्कवरून निरोप जायचा आणि पंप चाळीस मिनिटं थांबायचा. तेवढ्यानं घर काही गार पडत नाही. मग पुन्हा निरोप, पंप पुन्हा सुरू.

सासऱ्यांना हे समजावून सांगायची गरजच नव्हती. त्यांची हयात सबस्टेशनात गेली होती. वरून फोन आला की कुठल्या वस्तीची वीज तोडायची आणि कधी जोडायची, हे काम त्यांनी एकतीस वर्षं स्वतःच्या हातानं केलं होतं. तरी त्यांचं पालुपद एकच. "माझ्या घराचं बटण दुसऱ्याच्या हातात देणार नाही."

"बाबा, अख्खी गल्ली मला हसते. म्हणतात, आधी स्वतःच्या घरात बसव."

"हसू दे."

शेवटी तोडगा काढला सासूबाईंनी. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांची डावी बाजू साथ देत नव्हती, खिडकीपाशी खुर्चीत बसून असायच्या. पण जीभ मात्र पूर्वीइतकीच धारदार होती. "मीटर कुणाच्या नावावर आहे ग?" त्यांनी सुनेला विचारलं.

"तुमच्या, आई."

"मग आण तो कागद. उजवा हात चालतो माझा."

डबी बसत असताना सासरे हाताची घडी घालून मागे उभे राहिले. "आतलं झाकण उघडून बघितलंस का?" एवढंच त्यांनी विचारलं.

"कारखान्यातून तपासून येतं सगळं," ती म्हणाली आणि बाहेरचा स्क्रू आवळला. त्या दिवशी तिला अजून दोन गल्ल्या उरकायच्या होत्या.

तीन आठवड्यांनी कडाक्याची थंडी पडली. ती ऑफिसातून परस्पर सासरी आली, कारण डबीची खरी परीक्षा आजच होती. सहा वाजून दहा मिनिटांनी पंपाची घरघर थांबली. सासऱ्यांनी भिंतीवरचं तापमान पाहिलं. एकवीस. अर्ध्या तासानं साडेवीस. सासूबाई पेपर वाचत होत्या, त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. सुनेला मनातून बरं वाटलं.

पण चाळीस मिनिटं झाली, पन्नास झाली, पंप काही सुरू होईना. सव्वासातला काटा एकोणिसावर आला आणि सासूबाईंनी पेपर बाजूला ठेवून पायावर घोंगडी ओढून घेतली. तिनं नियंत्रण कक्षाला फोन लावला. तिथल्या माणसानं सांगितलं, "आमच्याकडून सुरू करायचा निरोप कधीच गेलाय. बाकी सगळीकडे सुरळीत आहे."

सासऱ्यांनी हात पुढे केला. तिनं फोन दिला. "पाठवलेलं सोडा," ते म्हणाले. "या गल्लीचा भार परत वाढला का, ते बघा."

पलीकडच्या माणसानं आकडे तपासले. मग उत्तर आलं, भार वाढला नव्हता, म्हणजे पंप सुरूच झाले नव्हते. तुमच्या भागातला मोबाइल टॉवर साडेसहापासून बंद दिसतोय. कुठल्याच डबीला निरोप मिळाला नसणार.

हे ऐकताच तिला न उघडलेलं झाकण आठवलं. डबीच्या आतल्या झाकणाखाली नखाएवढी खिटी असते. निरोपाची वाट तुटली तर पंप चालू व्हावा की बंदच राहावा, हे ती खिटी ठरवते. कारखान्यातून ती बंदवर येते. बसवणाऱ्यानं चालूवर सरकवायची असते. तिला हे माहीत होतं. या गल्लीत घाईघाईत तिनं एकही झाकण उघडलं नव्हतं.

"चूक माझी आहे, बाबा," ती म्हणाली, आणि काय झालं ते सांगितलं.

आता चार शब्द ऐकावे लागणार, अशी तिची खात्री होती. सासऱ्यांनी स्वेटर चढवला आणि टॉर्च घेतला. "आधी हिचं कर. मग निघू. आणि सगळे पंप एकदम सुरू करायचे नाहीत. गारठलेल्या घरांचा भार जास्त असतो, ट्रान्सफॉर्मर बसेल. एक घर, मग पाच मिनिटं थांबायचं."

ते दोघं दारोदार फिरले. ती खिटी सरकवायची, ते घड्याळ धरून उभे राहायचे. कुणी कुरकुरलं, कुणी तोंडावर सुनावलं. सातव्या घराच्या पायरीवर थांबले असताना ते आपणहून बोलू लागले.

"एकदा मी एका वस्तीची वीज परत जोडायला विसरलो होतो. अडीच तास. थंडीच होती. साहेबांनी विचारलं तेव्हा म्हणालो, लाइनवाल्याचा फोन आलाच नाही. त्याला बोलणी खावी लागली. त्यानं कधी काही विचारलं नाही, पण नंतर माझ्याशी बोलायचा नाही."

तिनं स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला.

"म्हणून नको म्हणत होतो मी," ते म्हणाले. "यंत्राची भीती नव्हती. बटणापाशी बसलेला माणूस कसा असतो, ते मला माहीत आहे. चल, झाली पाच मिनिटं."

शेवटचं घर आटोपलं तेव्हा साडेआठ होत होते. ट्रान्सफॉर्मरनं दगा दिला नाही. घरी सासूबाईंनी विचारलं, "फिरायला गेला होतात का दोघं?" आणि पांघरलेली घोंगडी सुनेच्या खांद्यावर टाकली.

सकाळी ऑफिसात टॉवरचा दोष लिहून मोकळं होणं सोपं होतं. तोही बंद पडलाच होता. तिनं टॉवरचं लिहिलं, आणि त्याखाली लिहिलं की आतली झाकणं मी उघडली नव्हती, आणखी दोन गल्ल्यांतही तसंच असण्याची शक्यता आहे. साहेबांनी कागद दोनदा वाचला. "हे लिहायलाच हवं होतं का?"

"हो," ती म्हणाली.

साहेबांनी दोन्ही गल्ल्यांची यादी काढून दिली. चौतीस घरं होती. तिनं पिशवीत टॉर्च टाकला आणि निघाली.